हातचा एक

खासबागच्या रविवारच्या बाजारात
भंगारवाल्या दस्तगीरकडं
टेलिफोन एक्स्चेंजचे जुने रिले किलोवर मिळायचे.
भरमाण्णा सोंटक्केनं एकोणीस उचलले.
तीन मेलेले निघाले.

साल शहात्तर असेल. मी त्याच्या हाताखाली
वडगावात जेकार्डची कार्डं पाडायचो,
साडीच्या काठासाठी.
भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.
यापलीकडं दोघांचंही शिक्षण नव्हतं.

एकदा कार्ड उजेडाकडं धरून म्हणाला,
"भोकांनी मोर निघतो, मग बेरीज का निघू नये?"

मी हसलो.
त्यानं मला मालकाच्या जिन्यात नेलं.
खाली एक बटण, माडीवर एक, मध्ये एकच दिवा.
एक पाडलं, लागला.
दोन्ही पाडली, विझला.
"एक अधिक एक. विझला बघ.
खरं हातचा कुठं गेला?"

त्या हातच्यापायी चार महिने गेले.
माग बंद झाला की रात्री
लॉरीची बॅटरी, मंगळोरी कौलाखाली लोंबती वायर,
बिडी, आणि रिलेंचा टकटकाट.
शेजारची चंपाक्का विचारायची,
"काय करूलालंय रे ते? उंदीर धरूलालंय?"

ओढला गेलेला रिले म्हणजे 'होय'.
सुटलेला म्हणजे 'इल्ला'.
एक मराठी, एक कानडी, असं का, विचारलं
तर म्हणाला,
"आमची आई 'होय' कधी कानडीत म्हणाली नाही,
आणि बाप 'नाही' कधी मराठीत."

शनिवारी पगाराच्या वेळी
पेटी मालकापुढं ठेवली. चार दिवे, चार घरं.
नऊ अधिक सहा.
टक टक टक,
चारही दिवे लागले. पंधरा.
कांडीवाल्या बायकासुद्धा उठून बघायला आल्या.
मालक म्हणाला, "आता माझा एक घाल त्यात."

एका पाठोपाठ एक
चारही दिवे विझले.

"पंधरा अधिक एक शून्य! ह्याच्याकडनंच करू की
सगळ्यांचा पगार!"
हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.
मीही हसलो, ते सांगायला हवं.

भरमाण्णा हसला नाही, चिडलाही नाही.
चौथ्या घरापुढं जिथं वायर संपत होती
तिथं त्यानं तळहात धरला,
गळक्या नळाखाली धरावा तसा.
"चुकलं नाही काही," म्हणाला.
"हातचा इथनं बाहेर पडलाय.
त्याला घर नाही अजून. चार रिले आणखी लागतील."

ते मिळाले नाहीत.
दस्तगीरचा माल हुबळीच्या कुणी एकगठ्ठा नेला,
तांब्यासाठी.
बॅटरी लॉरीवाल्यानं परत मागितली.

वीज गेली की ती पेटी सगळं विसरायची,
म्हणून तो उत्तरं कार्डावर पाडून ठेवायचा.
"भोक विसरत नाही," म्हणायचा.

आता खडेबाजारात माझं दुकान आहे, दुरुस्तीचं.
भिंगाखाली नखाएवढ्या काळ्या तुकड्यात
त्याच्या पेटीसारख्या लाखो पेट्या बसल्यात,
आणि कशाचाच आवाज नाही.
उद्यमबागेकडच्या कॉलेजातली पोरं येतात,
कॉम्प्युटर कुणी शोधला त्याची नावं पाठ असतात त्यांना,
सालांसकट.
मी ऐकतो. नावं खरीच आहेत.

एक कार्ड माझ्याकडं राहिलंय.
शेवटच्या ओळीत चार घरं कोरी
आणि पाचवं भोक नक्षीच्या बाहेर,
जिथं कार्डं एकमेकांना दोरीनं शिवतात
त्या कडेच्या पट्टीत.
सोळा.

गिऱ्हाईक नसलं की ते भोक डोळ्याला लावतो.
समोर रिक्षास्टँड दिसतो.
दरांची पाटी कानडीत,
तिच्याखाली कुणीतरी खडूनं मराठीत
भाडं आणि सामानाचे पैसे मांडलेत.
बेरीज चुकलीय.
हातचा घ्यायचा राहिलाय.